दामिनीचे सहा आठवडे

दामिनीनं मला पहिल्यांदा विचारलं ते मशीनबद्दल.

"सिस्टर, हे शेवटचं कधी तपासलं होतं?"

तिचं बाळ वॉर्मरखाली होतं. जन्माला येऊन तीस तास झालेले, नाकाला श्वासाची नळी, पायाला लाल दिव्याचा चिमटा. वजन एक किलो पाचशे चाळीस ग्रॅम. मॉनिटरवर प्राणवायूचा आकडा अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, पुन्हा अठ्ठ्याऐंशी असा हलत होता. आमच्या कक्षात पहिल्यांदा येणाऱ्या आया रडतात, नाहीतर बाळाकडे बघायलाच भितात. ही पोटाचे टाके सांभाळत, भिंतीला धरून आली आणि त्या आकड्यापुढे उभी राहिली.

"काहून विचारलं?" मी म्हटलं.

"वेळेवर तपासलं नाही तं मशीन खोटा आकडा दाखवते. मले माहीत आहे. माझं कामच ते आहे."

मी तिला स्टूल दिलं. मशीन कधी तपासलं होतं हे मला सांगता आलं नाही.

मी वच्छला. नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात नवजात बाळांच्या कक्षात बावीस वर्षं काढली आहेत. बाळं येतात, वजन लिहायचं, तापमान लिहायचं, दोन-दोन तासांनी दूध. काही घरी जातात, काही जात नाहीत. इतक्या वर्षांत आयांचे चेहरे एकमेकींत मिसळून गेले आहेत. दामिनी तेवढी वेगळी लक्षात राहिली. तिची मुलगी आमच्याकडे एकवीस दिवस होती, आणि बाळाला छातीशी धरून बसल्यावर बोलण्यावाचून दुसरं काही करता येत नाही. तेव्हा जे कळलं ते सांगते.

ती कुहीकडची. घरी धानाची थोडी शेती, मोठा भाऊ ती बघायचा. बारावीनंतर तिनं आयटीआयला मोटार मेकॅनिकला नाव घातलं. वर्गात दोनच मुली होत्या, दुसरी दिवाळीनंतर यायची बंद झाली. दामिनीनं कोर्स पूर्ण केला, पण गॅरेजमध्ये तिला कोणी घेईना. मग कन्हानच्या सुशीलचं स्थळ आलं. तो शाळेची व्हॅन चालवायचा. लग्नात त्याच्या एका मित्रानं थट्टेनं विचारलं, "वहिनी, सुशीलच्या गाडीचा आवाज काहून येते?" तिनं गाडी सुरू करायला लावली, ऐकलं आणि सांगितलं, "बेल्ट ढिल्ला आहे." सुशील ही गोष्ट मला तीनदा सांगून गेला.

कन्हानच्या बाहेर हायवेला एका पेट्रोल पंपाच्या कडेला कृष्णकांत नावाच्या माणसाची पीयूसीची व्हॅन उभी असते. गाडीच्या धुराची तपासणी करून प्रमाणपत्र द्यायचं. जुनी व्हॅन, मागच्या सीट काढून त्या जागी टेबल, कॉम्प्युटर, प्रिंटर, एक कॅमेरा आणि धूर मोजायचं यंत्र. तिथं दामिनीला काम मिळालं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा.

पेट्रोलच्या गाडीचं काम सोपं, सायलेन्सरमध्ये नळी घालायची आणि आकडा येईपर्यंत थांबायचं. डिझेलच्या गाडीला मात्र रेस द्यावी लागते. ड्रायव्हरनं पाय दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, असं तीन-चार वेळा. त्या रस्त्यानं कोळशाचे ट्रक फार. रेस दिली की काळा लोट उठायचा आणि नळी धरून उभी असलेली दामिनी त्यात दिसेनाशी व्हायची. घरी जाऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा. पहिल्या वर्षी तिनं त्याचं काही वाटून घेतलं नाही, कामच तसं म्हणून.

तपासणीत मात्र ती पक्की होती. आजूबाजूच्या सेंटरवर नुसता नंबरप्लेटचा फोटो काढून कागद हातात देत. दामिनी नळी घातल्याशिवाय कागद देत नसे. ड्रायव्हर कुरकुरायचे. "अरे मॅडम, जाने दो ना, सब जगह ऐसेही होता है." ती म्हणायची, "तो फिर वहीं जाओ." काही जण खरंच जायचे. कृष्णकांत डोकं खाजवायचा, पण ती वेळेवर यायची आणि यंत्रात काही बिघडलं तर स्वतः खोलून बसायची, म्हणून चालवून घ्यायचा.

जून महिन्यात तिला दिवस गेले.

पहिले तीन महिने डिझेलचा वास आला की उलटी. पंपाच्या मागे एक नळ होता, तिथं जाऊन यायची आणि पुढची गाडी घ्यायची. तोंडाला ओढणी बांधायची. घरी सासू सुभद्राबाई, सुशील आणि ती. सुभद्राबाई बोलायला फटकळ, पण सून कामाला जाते याचा त्यांना आतून अभिमान होता. डब्यात भाजी जास्त भरायच्या. नोव्हेंबर आला, थंडी पडली. थंडीत तो धूर वर जातच नाही, असं दामिनी म्हणाली. सकाळी व्हॅन उघडताना काचेवर बोट फिरवलं की रेघ उमटायची, आणि ती काच आदल्या संध्याकाळी पुसलेली असायची.

डिसेंबरच्या सुरुवातीला सोनोग्राफी झाली. सहावा महिना सरत आला होता. बाळ तीन आठवड्यांनी मागं निघालं.

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई, डॉ. नंदिनी, तरुण होत्या. त्यांनी नेहमीचं विचारलं. जेवण नीट आहे का, रक्त कमी आहे का, घरात कोणी विडी-सिगारेट ओढतं का. सगळ्याला उत्तर नाही किंवा ठीक. चुलीवर स्वयंपाक करता का, विचारलं. सोबत आलेल्या सुभद्राबाई म्हणाल्या, "नाई, गॅस आहे ना." मग डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

दामिनीनं सांगितलं. 

मग डॉक्टरांनी समजावलं. धुरातले फार बारीक कण श्वासासोबत फुप्फुसात जातात, तिथून रक्तात उतरतात, वारेपर्यंत पोचतात. वार नीट काम करेनाशी झाली की बाळाला अन्न आणि प्राणवायू कमी पडतो. ते लहान राहतं, कधी लवकर येतं. आईचं बीपीही वाढू शकतं. "पण तुमच्या बाबतीत हेच कारण आहे असं मी छातीठोक सांगू शकत नाही. कारणं पुष्कळ असतात. शक्य असेल तर काम बदला. ओढणीनं काही अडत नाही, ते कण तिच्यातून सरळ जातात."

 घर आल्यावर दामिनी सासूला म्हणाली, "आई, सिगडीचं काहून नाही सांगतलं?"

ट्रकमधून रस्त्यावर सांडलेला कोळसा गोळा करून कन्हानला पुष्कळ घरांत सिगडी पेटवतात. सुभद्राबाई रोज सकाळी अंगणात सिगडी लावून आंघोळीचं पाणी तापवायच्या. अंगण काय, दोन खोल्यांच्या मधली जागा. धूर दोन्ही खोल्यांत भरायचा.

"पाण्याची सिगडी काय स्वयंपाकाची चूल आहे?" सुभद्राबाई म्हणाल्या. "मी याच धुपटात चार लेकरं काढली."

"चारही राहिली काय?"

दामिनीला ते माहीत होतं, तरी तोंडून गेलं. सुभद्राबाई खाली बसल्या. "दोन राहिली," त्या म्हणाल्या. "एक आठव्यातच झालं होतं. हाताएवढं. आमाले कोणी सांगतलं नाही वं, कायनं झालं ते."

दुसऱ्या दिवसापासून सिगडी पेटली नाही. दामिनीसाठी गॅसवर एक पातेलं तापायचं. जानेवारीत एकदा ती लवकर उठली तेव्हा सासू थंड पाण्यानं आंघोळ करताना दिसली. ओठ निळे पडले होते. 

काम बदलणं इतकं सोपं नव्हतं. सुशीलच्या शाळेला नाताळची सुट्टी, त्याची व्हॅन उभी, घर तिच्या पगारावर. दामिनीनं कृष्णकांतला सांगितलं की डॉक्टर नाही म्हणतात, मला आत बसायचं काम दे. कृष्णकांत वाईट माणूस नव्हता. त्यानं व्हॅनची मागची काच नीट बसवून दिली, उशी आणून दिली आणि म्हणाला, "मी केव्हाचा सांगून राहिलो तुले. नळी कायले घालतं? आत बस, काच लाव, कॅमेऱ्यानं फोटो काढ अन् दे कागद. आकड्याचं मी पाहतो."

आकडे तो कुठून भरायचा ते तिनं विचारलं नाही.

असे सहा आठवडे गेले. ड्रायव्हर खूश झाले. पूर्वी जे दुसरीकडे जायचे ते परत आले, दिवसाला चाळीस-चाळीस गाड्या व्हायला लागल्या. दामिनी काच लावून आत बसायची, बाहेर ट्रक उभा राहायचा, निघून जायचा. ती प्रिंट काढायची. कागदावर खाली तिचंच नाव यायचं. एक जुना ट्रक यायचा, तो सुरू होतानाच इतका काळा धूर सोडायचा की पंपावरची माणसं बाजूला व्हायची. पूर्वी दोनदा तिनं त्याला नापास केलं होतं. या वेळी त्यालाही कागद दिला. त्या दिवशी संध्याकाळी सुशील तिला घ्यायला आला तेव्हा ती म्हणाली, "पोट दुखत नाही, काही नाही, फक्त थकली मी." गाडीवर बसून घरी गेली आणि न जेवता झोपली.

वीस जानेवारीच्या सुमारास ती बाळंतपणाला माहेरी गेली. कुहीकडे हवा मोकळी. आईनं लाडू केले, भावानं तिला बांधावर फिरवून आणलं. आठ दिवस बरे गेले. मग पायावर सूज आली, डोकं दुखायला लागलं. गावातल्या आशा कार्यकर्तीनं बीपी मोजलं आणि तिथल्या दवाखान्यात नेलं, तिथून ॲम्ब्युलन्सनं आमच्याकडे. बाळाचे ठोके मंदावत होते. चौतिसाव्या आठवड्यात सिझर झालं. पोरगी रडली, पण हळू, मांजराच्या पिल्लासारखी.

श्वासाची नळी चार दिवस लागली. पाचव्या दिवशी नुसता प्राणवायू, आठव्या दिवशी तोही काढला. मग आम्ही बाळाला आईच्या छातीवर दिलं. उघड्या अंगाला उघडं अंग, वरून कापड गुंडाळायचं, आणि आईनं तासन्‌तास तसंच टेकून बसायचं. बाळाला ऊब मिळते, श्वास ठरतो, वजन चढतं. दामिनी थकली की सुभद्राबाई बसायच्या. सुरुवातीला त्या लाजल्या, "या वयात ब्लाऊज काढून बसू काय," म्हणाल्या. मी पडदा ओढून दिला. मग अशा बसल्या की उठायचं नाव घेईनात. नात छातीवर, डोळे मिटलेले, ओठ हलत असायचे. काय म्हणत होत्या ते मी ऐकायला गेले नाही.

दहाव्या-बाराव्या दिवशी मला एक तक्रार आली. दामिनी शेजारच्या आयांना विचारत फिरते म्हणून. "तुमचं घर रोडच्या काठाले आहे काय? कोणत्या रोडच्या?" एक कामठीची होती, एक पारशिवनीकडची, एक शहरातलीच. कामठीची घाबरून रडायला लागली.

मी दामिनीला बाजूला घेतलं. "हे काय करून राहिली तू? ती पोरगी आधीच भेदरलेली आहे."

तेव्हा तिनं मला त्या सहा आठवड्यांचं सांगितलं. तोवर सांगितलं नव्हतं. दिवसाला चाळीस गाड्या. "सिस्टर, माझ्या लेकराले धूर नको म्हणून मी नळी सोडली. त्या गाड्या गेल्या ना मग कुठं कुठं. कोणाच्या दारावरून गेल्या असतील ते मी पाहून राहिली होती."

"अगं, तू एकटीनं कागद दिले नसते तरी त्या गाड्या चालल्याच असत्या."

"हाव. चालल्याच असत्या. पण कागदावर माझं नाव आहे."

मग तिनं ते विचारलं जे सगळ्याच विचारतात. "माझ्यामुळं झालं काय हे?"

या प्रश्नाला माझं एक ठरलेलं उत्तर आहे. नाही बाई, कुणामुळं होत नाही, देवाची इच्छा. बावीस वर्षं तेच देत आले आहे. त्या दिवशी ते तोंडातून निघेना. आमच्या रजिस्टरमध्ये रकाने आहेत, आईचं वय, रक्त, बीपी, कितवं बाळंतपण, तंबाखू. आईनं कोणती हवा घेतली याला रकाना नाही. तेव्हा मला माहीत असायचं कारणही नाही. मी म्हटलं, "मला माहीत नाही, दामिनी. डॉक्टरांनाही पक्कं माहीत नसतं. धुरानं होतं हे खरं आहे. तुझ्या पोरीला त्यानंच झालं का, आणि कोणत्या धुरानं, ट्रकच्या, सिगडीच्या की रस्त्यावरच्या, हे कोणी वेगळं करून देऊ शकत नाही."

तिनं मान हलवली. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल, पण उलट तिचा चेहरा थोडा सैलावला. मी खोटं बोलले नाही म्हणून असेल.

मी तिला सांगितलं नाही, इथं सांगते. माझ्या स्कूटरचं पीयूसी गेली कित्येक वर्षं मी फोटोवरच काढत आले आहे. ड्यूटी सुटल्यावर पंपावर थांबायचं, गाडीवरून उतरायचंही नाही, कागद घ्यायचा आणि घर गाठायचं. कोणी नळी लावायला आलं असतं तर मीच वैतागले असते.

त्यानंतर दामिनीनं कोणाला काही विचारलं नाही. कामठीच्या पोरीजवळ जाऊन तिनं माफी मागितली आणि तिच्या बाळाला वाटी-चमच्यानं दूध पाजायला मदत करत बसली. एकविसाव्या दिवशी पोरीचं वजन एक किलो नऊशे झालं आणि आम्ही सुट्टी दिली. नाव भैरवी ठेवलं.

पुढचं मला तपासणीच्या दिवसांतून कळत गेलं. महिन्याला एकदा, मग दोन महिन्यांनी ती भैरवीला घेऊन यायची. पोरगी हसायची, वळायची, सगळं जरा उशिरा. वजन तक्त्याच्या खालच्या रेघेला धरून चालायचं, रेघ सोडायचं नाही आणि वरही जायचं नाही. नवव्या महिन्यात, थंडी लागताच, छाती वाजायला लागली. चार दिवस भरती केलं, वाफेचं औषध दिलं. अशा बाळांची छाती पुढची काही वर्षं नाजूक असते, हे मी सांगितलं तेव्हा दामिनीनं फक्त विचारलं, "किती वर्षं?"

"पाच-सहा वर्षांत बहुतेकांची सुधारते."

"बहुतेकांची," ती म्हणाली.

दिवाळीच्या आधी ती पुन्हा कृष्णकांतकडे कामाला लागली होती. दुसरं मिळालं नाही. या वेळी तिनं दवाखान्यातून विचारून नेलेला जाड मास्क लावला आणि पहिल्याच दिवशी सांगितलं की नळी घातल्याशिवाय मी कागद देणार नाही. कृष्णकांतनं महिनाभर सोसलं. गाड्या पुढच्या सेंटरवर जायला लागल्या. मग तो तिच्या घरी आला, चहा घेतला आणि सुशीलला म्हणाला, "तिचं खरं आहे गा, पण मले धंदा करायचा आहे." भांडण झालं नाही. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, सांगता येत नाही, असं दामिनीच मला म्हणाली.

आता ती नागपुरात एका दुचाकीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आहे. आलेल्या गाड्यांची नोंद करते, बिघाड ऐकून घेते. सकाळी बस, संध्याकाळी बस, दोन्ही वेळेस कामठी रोडच्या गर्दीतून. भैरवी दिवसभर सुभद्राबाईंकडे. घर तेच, ट्रकच्या रस्त्यापासून दोनशे पावलांवर. घर बदलायचं बोलणं दोनदा निघालं आणि तिथंच राहिलं. हिवाळ्यात सुभद्राबाई पोरीला दुपारशिवाय बाहेर काढत नाहीत, खिडकीला ओलं कापड लावतात. त्यानं किती फरक पडतो कोण जाणे.

मागच्या बुधवारी त्या तिघी आल्या होत्या. ओपीडीत साठ-सत्तर नंबर होते, पंखा फिरत होता, मुलं रडत होती. सुभद्राबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं होतं आणि तिच्या छातीवर हात ठेवून बघत होत्या, घरघर आहे का ते. दामिनी बाकावर बसल्या बसल्या झोपून गेली होती, डोकं भिंतीला, सेंटरचं ओळखपत्र गळ्यात तसंच. अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आली असावी.

त्यांचा नंबर आला. मी हाक मारायला दारात गेले. सुभद्राबाईंनी बोट ओठांवर ठेवलं.

"दहा मिनिटं झोपू द्या तिले," त्या हळूच म्हणाल्या. "पोरगी मी आणतो आत."

मी भैरवीला उचललं आणि काट्यावर ठेवलं. सात किलो शंभर. कार्डावर लिहिलं, छातीला नळी लावून ऐकलं. डाव्या बाजूला थोडी घरघर होती. ते डॉक्टरांना सांगायला मी आत गेले.